एकटीपुरती टाकी

ग्लेंडा सटक्लिफला गॅसची टाकी उचलवत नाही हे तिला सत्तावीस वर्षांनी कळलं, कारण सत्तावीस वर्षांत तिने ती एकटीने कधी उचललीच नव्हती. एका बाजूने ती आणि दुसऱ्या बाजूने नोरीन. कडीला दोघींचे हात. नोरीन म्हणायची, "एक, दोन," आणि तीन म्हणायच्या आतच उचलायची. दर वेळी. ग्लेंडा दर वेळी चिडायची, की बाई, तीन तरी म्हण. पण टाकी जायची बरोबर व्हॅनच्या पुढच्या पेटीत आणि दोघी चहाला मोकळ्या.

व्हॅन म्हणजे त्यांची कॅरॅव्हॅन. गाडीमागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन, आणि पुढे नाकावर एक पेटी, तिच्यात गॅसच्या दोन टाक्या. दोघींनी निम्मे निम्मे घालून घेतलेली. ग्लेंडा कीथलीच्या शाळेत स्वयंपाकघरात होती, एकतीस वर्षं चारशे पोरांचं जेवण रांधलं तिने. नोरीन फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची, त्यामुळे कसलंही धूड कुठल्याही बोळात मागे घ्यावं तर तिनेच. लग्न दोघींचंही झालेलं नव्हतं. ग्लेंडाला एकाने विचारलं होतं, नाही असं नाही, पण त्याला आईचा स्वयंपाक आवडत होता आणि तो तसं बोलून दाखवायचा. मग कोण करणार त्याच्याशी लग्न? ईस्टरला एकदा, ऑगस्टात एकदा आणि ऑक्टोबरात नॉर्थम्बरलंडला एकदा, असं दोघींचं वर्ष ठरलेलं होतं. उरलेलं वर्ष त्या वर्षाची वाट बघण्यात जायचं.

आणि यंदा एप्रिलात नोरीनने लग्न केलं. सहासष्टाव्या वर्षी. हॅरोगेटचा डेस्मंड नावाचा विधुर, गाण्याच्या मंडळात भेटला. माणूस वाईट नाही. उंच आहे, कपड्याला इस्त्री असते. फक्त व्हॅनचं नाव काढलं की म्हणायचा, "ज्या सुट्टीत आपली घाण आपणच डब्यातून वाहून न्यावी लागते, तिला मी सुट्टी म्हणत नाही." यावर नोरीन हसायची. ग्लेंडाला ते हसणं लग्नाच्या जेवणातल्या केकपेक्षा जास्त जड गेलं.

लग्नाच्या दिवशी नोरीनने तिला बाजूला घेतलं. "व्हॅन आता तुझी. माझ्या निम्म्याचं काही नको मला."

"मग मी काय एकटी जाऊ?"

"जा की. मी येईन ना एखाद्या आठवड्याला. कधीतरी."

कधीतरी. हा शब्द ग्लेंडाने घट्ट धरून ठेवला. ईस्टर लग्नाच्या गडबडीत गेला होता. ऑगस्टात फोन केला तर ती दोघं क्रूझवर. व्हॅन दारासमोर उभी, तिच्यावर शेवाळ चढायला लागलं. तिकडे बर्नर्ड गिऱ्हाईक घेऊन तयार बसला होता. हा बर्नर्ड स्किप्टनच्या रस्त्यावर व्हॅनचं दुकान चालवतो, तोंडाचा फटकळ, पण खोटं बोलणार नाही. "बाई, एक जोडपं आलंय," त्याने फोनवर सांगितलं. "तुमच्या व्हॅनसारखीच हवीय. उभी ठेवून कुजवण्यापेक्षा द्या."

ग्लेंडा म्हणाली, "ऑक्टोबरची एक खेप एकटी करून बघते. जमलं तर ठेवते. नाही जमलं तर परत येतानाच तुमच्या दारात सोडते."

आणि मग ती पुढची पेटी उघडून टाकी बदलायला गेली, आणि तिला कळलं.

भरलेली लोखंडी टाकी पंधरा किलोची. ती पायरीवरून गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. ग्लेंडाचा उजवा खांदा शाळेच्या पातेल्यांनी खाल्लेला आहे, कमरेच्या वर काही जड उचललं की आतून सुई टोचल्यासारखं होतं. पेटीच्या कडेपर्यंत हात जाईना. दोनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा टाकी निसटली आणि पावलापासून वीतभर अंतरावर आदळली. शेजारचा हॅरी कुंपणावरून म्हणाला, "मी येऊ का?" ती म्हणाली, "नको." तिकडे व्हॅन लावायच्या कुरणात कुठला हॅरी यायचाय?

दुसऱ्या दिवशी ती बर्नर्डच्या दुकानात. हातात कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा गोल कापलेला पुठ्ठा. पेटीत टाकी बसते त्या खाचेचं माप. बर्नर्डने पुठ्ठा बघितला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"हे तुम्ही केलंत?"

"मग काय तुमच्या बायकोने?"

"बरोबर केलंय हो. लोक येतात नुसतं बोटांनी दाखवत."

बर्नर्डच्या दुकानात एक गंमत आहे. एका मोडीत निघालेल्या व्हॅनचं नुसतं नाक कापून त्याने कोपऱ्यात खऱ्या उंचीवर बसवलंय, पेटीसकट. टाकी घ्यायची तर आधी तिथे उचलून ठेवून बघायची, मग बोलायचं. दुकानात सगळ्याच टाक्या हलक्या वाटतात, असं तो म्हणतो, घरी गेल्यावर त्या जड होतात.

पहिली निळी टाकी काढली. छोटी, गोजिरवाणी. ग्लेंडाने उचलली, ठेवली. जमलं. तिने वळून बर्नर्डकडे बघितलं, तो मान हलवत होता.

"जायचं कुठे?"

"नॉर्थम्बरलंड. ऑक्टोबरच्या शेवटाला."

"मग निळी नको. पहाटे पाणी गोठायला आलं की ही संपावर जाते. आत गॅस भरलेला, आणि शेगडीवर नुसतं फूस. तुम्हाला तुमची जुनी लालच पाहिजे, ती थंडीला घाबरत नाही."

"लाल उचलवत नाही म्हणून तर आले."

"थांबा की जरा."

मग एक ॲल्युमिनियमची दाखवली, पंपावर जाऊन आपण भरायची. वजन बरं होतं, पण तसे पंप आता मैल-मैल शोधावे लागतात आणि ग्लेंडाला अनोळखी पंपावर नळी हातात धरून उभं राहायचं नव्हतं. शेवटी त्याने मागून एक आणली. काचेच्या धाग्यांची विणून केलेली, वरून प्लॅस्टिकचं जाळीदार कवच, आत गॅस तोही थंडीला न घाबरणारा. भरलेली असून दहा किलो. उजेडासमोर धरली की आत गॅस किती उरलाय ते दिसतं, डुचमळताना. वर पाना लावायला नको, नुसती कळ दाबली की बसते.

ग्लेंडाने कडी धरली. मनात म्हणाली, एक, दोन. आणि तीनसुद्धा म्हणाली. टाकी गेली पेटीत, खांद्याने कुरकुर केली पण सोडून दिलं. पुठ्ठ्याचा गोल तंतोतंत जुळला. तिला इतकं बरं वाटलं की तिने पुन्हा खाली काढली आणि पुन्हा ठेवली.

"दोन देऊ?" बर्नर्डने विचारलं. "पेटीत दोन खाचा आहेत तुमच्या."

"एकच पुरे. एकटीला कितीसा गॅस लागतो?"

जुन्या दोन लोखंडी तिने त्याच्याकडे जमा केल्या, पावतीसकट. घरी पेटीत गंजाचे दोन गोल उमटलेले होते. एकावर नवी टाकी बसली. दुसरा गोल उघडाच राहिला. झाकण लावताना ग्लेंडाला आतल्या बाजूला नोरीनचं पेन्सिलचं लिखाण दिसलं. सनावळी आणि पुढे आकडे, बहात्तर, सत्तर, बहात्तर, एकाहत्तर. दर वर्षीचे. ते बघून तिने झाकण पटकन लावलं. जाम राग आला होता तिला, कुणाचा ते मात्र सांगता आलं नसतं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने सामान भरलं. दारापुढे लावायचा तंबू नोरीन नेहमी पुढच्या दारातून आत ढकलायची, तो ग्लेंडाला ढकलवला नाही, म्हणून मागच्या खिडकीखालच्या पेटाऱ्यात टाकला. बाकीचं सगळं जिथल्या तिथे. सगळं म्हणजे सगळं.

लीमिंगपर्यंत व्हॅन शहाण्यासारखी आली. स्कॉच कॉर्नरचा मोठा चौक मागे पडला आणि रस्ता उताराला लागला. एक मोठा ट्रक बाजूने पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने व्हॅनला धक्का दिला, आणि व्हॅनने शेपूट हलवलं. आधी थोडं. मग जास्त. मग गाडीचा मागचा भागच तिच्याबरोबर डावं-उजवं करायला लागला. आरशात एकदा ही बाजू दिसे, एकदा ती.  ग्लेंडाचा पाय ब्रेककडे निघालेला, तेवढ्यात कानात नोरीन ओरडली, सत्तावीस वर्षांपूर्वीची, "ब्रेक लावायचा नाही. पाय उचल नुसता आणि चाक सरळ धर." तिने पाय उचलला. चाक सरळ धरलं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, वाजवू देत. व्हॅन दोन झोके कमी, एक झोका कमी करत सरळ झाली, आणि रस्त्याकडेला थांबायची जागा दिसताच ग्लेंडा तिच्यात घुसली आणि उभी राहिली.

 दहा मिनिटं ती चाकाला धरून बसली. बाजूने ट्रक जात होते आणि दर ट्रकला गाडी हलत होती. इथून वळावं आणि थेट बर्नर्डकडे जावं, असं तिला वाटलं. जोडप्याला देऊन टाकावी. दोघं आहेत ती, त्यांना जमेल. तिला रडू यायला लागलं होतं. मग तिने फोन काढला, आणि ज्या नंबरावर ऑगस्टपासून तिने आपणहून फोन केला नव्हता तो लावला.

नोरीनने बऱ्याच वेळाने उचलला. मागे रेडिओ चालू होता आणि कपबशा वाजत होत्या.

"ग्लेंडा? काय गं, बरी आहेस ना?"

"बरी आहे. व्हॅन शेपूट हलवतेय. स्कॉच कॉर्नरच्या पुढे आहे मी."

"एकटी निघालीस?"

"मग कुणाला घेऊ?"

 रेडिओ बंद झाल्याचं ऐकू आलं. मग तिचा आवाज आला, तो एकदम जुना, कामाचा.

"नाकावर वजन किती भरलं?"

"मोजलं नाही."

"मोजलं नाहीस? अगं, दर खेपेला शेजारी उभी असायचीस ना तू?"

"उभी असायचे. आकडा तू वाचायचीस. मी चाक फिरवायचे नुसती."

"बरं. पेटीत काय आहे?"

"नवी टाकी. एकच. हलकी घेतली, दहा किलोची. जुन्या दोन देऊन टाकल्या."

"म्हणजे पुढून तीस गेले आणि दहा आले. वीस किलो नाक हलकं झालं तुझं, मग शेपूट उडणारच. तंबू कुठे ठेवलास?"

"मागे."

"मागे! आणि मागे आणखी काय आहे?"

ग्लेंडाने समोरच्या काचेतून बघितलं. गवतात एक पिशवी अडकून फडफडत होती.

"नेहमीचंच आहे," ती म्हणाली.

"नेहमीचंच म्हणजे काय? एकेक सांग. आकडा जमवायचाय मला."

"तुझी खुर्ची," ग्लेंडा म्हणाली. "तुझे रबरी बूट. तुझा पुस्तकांचा खोका. तुझा बिडाचा तवा."

 एक ट्रक गेला.

"माझी खुर्ची कशाला घेतलीस गं?" नोरीनने विचारलं.

"सवयीने."

सवयीने नव्हे. ती खुर्ची जड आहे, लाकडी हातांची, पाय वर करायची. ग्लेंडाने ती तळघरातून एकटीने ओढत, प्रत्येक पायरीवर दम खात आणली होती. मनात हिशेब असा होता की शनिवारी नोरीनला फोन करायचा, सांगायचं की मी आलेय बीडनेलच्या किनाऱ्याजवळ, हवा छान पडलीय, गाडी काढ आणि ये, तुझी खुर्चीपण आहे. पुढच्या पेटीतून तिने नोरीनला काढून टाकलं होतं, मागे मात्र व्हॅन दोघींचीच भरली होती. ते आता तिला कळलं, आणि लाज वाटली.

"ग्लेंडा, ऐक," नोरीन म्हणाली. "मी नाही यायची."

"शनिवारी नसेल जमत तर—"

"कधीच नाही. आणि डेस्मंडवर ढकलत नाही मी. तो म्हणाला असता, जा. मलाच नको झालंय ते. गेली चार वर्षं नको झालं होतं. थंडीत नळावर जा, ओल्या तंबूच्या घड्या घाला. गुडघे रात्रभर ठणकायचे माझे. तू इतकी खूश असायचीस, की मला बोलवेना."

"चार वर्षं?"

"चार."

ग्लेंडाने चार वर्षांच्या खेपा मोजल्या. बारा. त्या बाराही खेपांत नोरीन खुर्चीत बसून समुद्राकडे बघत म्हणाली होती, "झकास." आता त्यातलं कुठलं झकास खरं आणि कुठलं नाही, हे शोधायचं कसं? डेस्मंडने नोरीनला नेलं, असं ती सहा महिने म्हणत होती. शेजाऱ्यांना, बर्नर्डला, स्वतःलासुद्धा. ते किती सोपं होतं.

"सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"हो. सांगायला हवं होतं. चुकलंच माझं." तिकडे कपबशी बाजूला सरकवल्याचा आवाज आला.  "खुर्ची, बूट, पुस्तकं देऊन टाक कुणाला तरी. आता उतर. काटा कुठे आहे ठाऊक आहे ना? बेसिनखाली. दांडा त्याच्याच मागे. फोन बोनेटवर ठेव, मी सांगते."

काटा म्हणजे आपला न्हाणीघरातला वजनकाटा, आणि दांडा म्हणजे झाडूची कापलेली काठी. व्हॅन गाडीपासून सोडवायची, तिच्या नाकाखाली काटा, काट्यावर काठी उभी, काठीवर नाक टेकवायचं आणि पुढचं छोटं चाक वर घ्यायचं. मग जे काही नाकावर आहे ते काट्यावर येतं. काम दोघींचं आहे, कारण एकीने चाक फिरवायचं आणि दुसरीने खाली वाकून आकडा वाचायचा. ग्लेंडाने चाक फिरवलं, मग गुडघ्यावर बसली, चष्मा वर-खाली केला.

"अडतीस."

"अरे देवा. सत्तरच्या आसपास हवेत, आणि अडतीसवर तू स्कॉच कॉर्नर ओलांडलंस? बरं. आता तंबू गाडीच्या डिकीत घाल. खुर्ची, खोका, बूट, सगळं मागून काढ आणि आत चाकांच्या बरोबर वर जमिनीवर ठेव. आणि तवा पुढच्या पेटीत, टाकीच्या शेजारी. पट्ट्याने बांध, नाहीतर खणखणेल."

अर्धा तास लागला. खुर्ची दारातून ओढताना ग्लेंडाचा खांदा ओरडला, ती ओरडली नाही. फोनवर नोरीनचा श्वास ऐकू येत होता, आणि मधेच डेस्मंडचा लांबून आवाज, "कोण आहे?" आणि नोरीनचा, "थांब जरा, काम चाललंय." तवा पेटीत गेला, गंजाच्या उघड्या गोलावर. ग्लेंडाने पट्टा आवळला.

"सहासष्ट," ती खालून म्हणाली.

"चालेल. पन्नासच्या वर पळवू नकोस. आणि ग्लेंडा..."

"काय?"

"काही नाही. नीट जा."

बीडनेलजवळच्या शेताची मालकीण इझाबेल, तिच्या कुरणात पाचच व्हॅन उभ्या राहतात. ती चिखलाच्या बुटात फाटकाशी आली. "नोरीन कुठंय?" तिने विचारलं. ग्लेंडाने सांगितलं की तिचं लग्न झालं. इझाबेल म्हणाली, "या वयात? बरी धमक आहे." आणि नळाजवळची जागा दाखवून गेली. मागे घेताना ग्लेंडाला चार वेळा पुढे-मागे करावं लागलं. समोरच्या व्हॅनमधला एक म्हातारा पडदा बाजूला करून बघत होता. मग त्याची बायकोही बघायला आली. बघू देत. चौथ्यांदा बसली.

शेगडी पहिल्या काडीला पेटली, निळी, गोल, एका आवाजात. पाणी उकळायला ठेवून ग्लेंडाने नोरीनची खुर्ची बाहेर काढली आणि नळाच्या कट्ट्याशी नेऊन ठेवली. या जागांचा रिवाजच आहे तसा, कुणाला नको असलेली चांगली वस्तू नळाशी ठेवायची, ज्याला हवी तो नेतो. बूट खुर्चीखाली ठेवले, पुस्तकांचा खोका खुर्चीत. कागदावर लिहिलं, "वस्तू चांगल्या आहेत. घेऊन जा." परत येऊन चहा ओतला, आणि कप हातात घेऊन बाहेर बघितलं तर खुर्ची नव्हती. इतक्यात. आणि खोका, बूट, सगळंच.

ती समोरच्या म्हाताऱ्यांनी नेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं तेव्हा त्या बाईने ती दारासमोर मांडली, पाय वर केले, आणि पुस्तक काढून वाचत बसली. कडक थंडी होती, गवतावर दहिवर पांढरं झालं होतं. ग्लेंडाला नळावर जायचं तर तिच्यासमोरूनच जावं लागे. आठवडाभर, दिवसातून चारदा. पहिल्या दिवशी बाई म्हणाली, "किती आरामाची आहे हो. तुमचीच ना?" ग्लेंडा म्हणाली, "मैत्रिणीची." बाई म्हणाली, "तिला नको झाली?" ग्लेंडा म्हणाली, "हो, तिला नको झाली." पाण्याची कळशी भरेपर्यंत तिने नळाकडे तोंड करून ठेवलं, आणि ती कळशी भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

बाकीचे दिवस गेले. किनाऱ्यावर चालायची. दुपारी सूप करायची, चारशेंना पुरेल असं हाताला लागलेलं प्रमाण आधी दोघींपुरतं आणलं होतं, आता एकीपुरतं आणायला तिला तीन दिवस लागले, पहिल्या दोन दिवसांचं सूप इझाबेलच्या कुत्र्याने खाल्लं. कुणाशी बोलणं असं होत नव्हतं. समुद्राकडे बघून कधी कधी तोंडातून "झकास" यायचं, आणि मग ती गप्प व्हायची, कारण ते ऐकणारंही कुणी नव्हतं आणि खोटं म्हणणारंही. खूप एकटं वाटलं तिला. पहिल्या रात्री वाटलं त्याहून चौथ्या दिवशी जास्त.

निघायच्या सकाळी तिने काटा काढला. चाक फिरवलं, गुडघ्यावर बसली, सहासष्ट. मग तिला वाटलं, हा तवा आता कशाला. पट्टा सोडून तवा गवतावर ठेवला आणि परत मोजलं. साठ. साठावरही गेली असती व्हॅन, कशीबशी. ग्लेंडा उकिडवी बसून त्या काळ्या तव्याकडे बघत राहिली. नोरीन त्यावर रविवारी छोटे केक भाजायची आणि पहिला नेहमी करपवायची. मग तिने तवा उचलून परत पेटीत ठेवला आणि पट्टा आवळला. नाकाला वजन हवं म्हणून, असं ती स्वतःशी म्हणाली. झाकण लावण्याआधी पेन्सिल काढली आणि नोरीनच्या शेवटच्या आकड्याखाली यंदाचं साल घातलं, पुढे सहासष्ट. अक्षर वाकडं आलं.

रस्ताभर व्हॅन मागे एका रेषेत आली. स्कॉच कॉर्नरजवळ दोन ट्रक बाजूने गेले, तिने पाय तसूभर उचलला, आणि आरशात व्हॅन होती तिथेच होती.

बर्नर्डने तिला अंगणात वळताना बघितलं आणि कागद घेऊनच बाहेर आला. त्याला वाटलं, सोडायलाच आली. त्याने आधी पुढची पेटी उघडली, टाकी उन्हाकडे वळवून आत बघितलं. अर्ध्याहून जास्त गॅस डुचमळत होता. तवा बघितला. 

"मग? त्या जोडप्याला काय सांगू?"

"सांगा, नाही देत."

"जमलं म्हणायचं एकटीला?"

ग्लेंडाने खिडकीवर हात ठेवला. खांदा दुखत होता.

"जमलं," ती म्हणाली. "आवडलं नाही. पण जमलं."

बर्नर्डने कागदाची घडी करून खिशात घातली. पेटीचं झाकण त्याने हळू लावलं आणि तिला बाहेर काढायला रस्त्यात जाऊन उभा राहिला, गाड्या थांबवायला.